घराभोवती हिरवा आडोसा: साताऱ्यात कुंपण लावायचं कसं आणि टिकवायचं कसं

सातारा शहराच्या कडेने, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आणि पुढे कोरेगाव, कऱ्हाडच्या बाजूला नव्या वसाहती वाढल्या. प्लॉट लहान, घरं जवळजवळ. सकाळी अंगणात चहा घेऊन बसलं की समोरचा रस्ता आणि शेजारचा जिना थेट आपल्यावरच. मग कुणी भिंतीवर पत्रा ठोकतं, कुणी हिरवी जाळी बांधतं. जाळी दोन-तीन उन्हाळ्यांत चिंध्या होऊन लोंबते आणि पत्रा दुपारी अंगण तापवतो. झाडांचा आडोसा उशिरा उभा राहतो, पण तो वर्षागणिक चांगला होत जातो. धूळ अडवतो, वारा मंदावतो, आणि बुलबुलांची ये-जा सुरू होते.

नव्याने लावणाऱ्यांनी एकच गोष्ट मनात पक्की धरावी: कुंपणाची उंची आपोआप येते, बूड आपोआप भरत नाही. साताऱ्यातल्या कुठल्याही गल्लीत बघा, वर पानांची टोपी आणि खाली नुसत्या काठ्या अशी कुंपणं जागोजाग दिसतात. खालून कुत्रंही येतं आणि नजरही येते. हे दुखणं पहिल्याच वर्षी लागतं आणि नंतर बरं करायला फार जड जातं.

आधी खुर्ची टाकून बसा

रोपवाटिकेत जाण्याआधी अंगणात जिथे खरंच बसता तिथे खुर्ची टाका. घरातल्या कुणाला तरी बांबू घेऊन हद्दीवर उभं करा, बांबूवर फुटाफुटाच्या खुणा करा. बसल्या जागेवरून रस्त्यावरच्या माणसाचं डोकं किती फुटांवर झाकलं जातं ते बघा. बहुतेक ठिकाणी पाच ते सहा फूट पुरतात. लोक उगाच दहा फुटांचं मनात धरतात, आणि मग ते छाटायला शिडी आणि माणूस शोधत बसतात.

शेजारच्या पहिल्या मजल्याची गॅलरी डोळ्यांत येत असेल तर हिशेब बदलतो. वरून येणारी नजर अडवायची तर आडोसा हद्दीवर नको, बसायच्या जागेजवळ हवा. हद्दीवर त्यासाठी पंधरा फूट उंची लागेल, खुर्चीपासून चार-पाच फुटांवर सात-आठ फुटांत काम भागतं. अशा जागी पूर्ण लांबीचं कुंपण नकोच. बारीक काठीच्या झुडुपी बांबूची दोन-तीन बेटं किंवा जाळीवर चढवलेली मधुमालती पुरते.

याच वेळी तीन गोष्टी तपासून घ्या. वर विजेच्या तारा आहेत का, जमिनीखालून पाण्याची किंवा सांडपाण्याची लाईन जाते का, आणि गेटच्या दोन्ही बाजूंना गाडी काढताना रस्ता दिसतो का. गेटलगत चार-पाच फुटांपर्यंत कुंपण अडीच फूट उंचच ठेवायचं. शाळकरी मुलं सायकलवर भरधाव येतात, आपल्याला ती दिसली पाहिजेत.

आणि शेजाऱ्यांशी बोला. रोप हद्दीच्या रेषेवर न लावता दोन-अडीच फूट आत घ्या, म्हणजे पलीकडची बाजू छाटायला तुम्हाला आपल्याच जागेत उभं राहता येईल. "काकू, मी कुंपण लावतोय, फांद्या तुमच्याकडे येऊ देणार नाही," एवढं आधीच सांगितलं तर पुढची बरीच कुरबुर टळते.

माती आणि पाणी

आपल्याकडे पंधरा-वीस किलोमीटरवर माती पालटते. डोंगराच्या पायथ्याला मुरूम, कृष्णाकाठी काळी, जावळी-महाबळेश्वरकडे तांबडी आणि पाऊस धो धो, तर माण-खटावला उथळ बरड जमीन आणि पावसाची ओढ. म्हणून पुण्यातल्या पाहुण्याकडे छान वाढलेलं कुंपण तुमच्याकडे तसंच वाढेल असं धरून चालू नका.

दीड फूट खड्डा खणा, पाण्याने भरा. तासाभरात पाणी गेलं तर मुरूम, पाणी आणि शेणखत दोन्ही जास्त लागणार. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेलं असेल तर काळी चिकण माती, तिथे रोपं खड्ड्यात न लावता अर्धा फूट उंच वरंब्यावर लावायची. काळ्या मातीत पावसाळ्यात मुळं गुदमरतात आणि उन्हाळ्यात भेगा पडून तुटतात. वरंबा आणि वर पाचटाचं आच्छादन, या दोन गोष्टींनी दोन्ही त्रास आटोक्यात येतात.

सांगलीकडे वाळवा, पलूस, मिरजेच्या पट्ट्यात बऱ्याच जमिनी क्षारपड झाल्या आहेत. तिथे कुंतीसारखी नाजूक झाडं पिवळी पडतात. कोयनेल मात्र मुळात समुद्रकिनारी खाजणाच्या कडेला वाढणारं झुडूप, त्याला खारटपणा आणि ओल दोन्ही चालतं.

कोणतं झाड लावायचं

मला विचाराल तर नव्या माणसाने कोयनेलपासून सुरुवात करावी. गडद हिरवं पान, बारमाही दाट, कापलं की फुटतं, गुरं-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, आणि काडीपासून येतं म्हणजे पैसेही वाचतात. एकच अट, त्याला कात्री सतत लागते. पावसाळ्यात महिनाभर दुर्लक्ष केलं की लांब दांड्या बाहेर पडतात आणि जमिनीला टेकतील तिथे मुळं धरतात.

पाणी कमी असेल तर मेंदी. माण, खटाव, आटपाडी, जत या भागात कोयनेलपेक्षा मेंदी भरवशाची. पानं बारीक असल्याने आडोसा दाट व्हायला वेळ लागतो आणि पाण्याचा ताण पडला की हिवाळा-उन्हाळ्यात पानं विरळ होतात. तरी मरत नाही. जुनी मेंदी टोकदार काड्यांची होते, त्यामुळे राखणही होते.

शेताच्या, फार्महाऊसच्या बाजूला अडुळसा आणि निरगुडी या दोघांना तोड नाही. दोन्ही काडीपासून येतात, दोन्हींना शेळी तोंड लावत नाही. ओढ्याकाठची निरगुडी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. ती शहरी बागेत थोडी विस्कटलेली दिसते हे खरं, पण छाटणीने बरीच ताब्यात येते. जनावरं आणि माणसं दोन्ही रोखायची असतील तर करवंद किंवा चिलार. करवंदाची वाढ पहिली दोन-तीन वर्षं संथ असते, पण एकदा जमलं की आडोसा, काटे आणि उन्हाळ्यात फळं असं तिन्ही पदरात पडतं. मे-जूनमध्ये पिकलेल्या फळातलं बी लगेच पेरायचं. ठेवून दिलेलं बी उगवत नाही. काटेरी झाडं मुलं खेळतात त्या बाजूला नकोत.

कुंती दिसायला सगळ्यांत देखणी. पांढरी फुलं, रात्री सुवास, तकतकीत पान. पण एक गोष्ट रोपवाटिकेत कुणी सांगत नाही: लिंबू, मोसंबी, संत्र्यावर जी सिट्रस सिला कीड येते ती कुंतीवरही पोसली जाते, आणि तीच कीड लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग रोग पसरवते. परसात लिंबाचं झाड असेल किंवा शेजारी लिंबाची बाग असेल तर कुंतीचं कुंपण टाळा.

जास्वंदीचंही असंच. घरापुढे फुलांचं मोकळं कुंपण म्हणून सुरेख, देवाला रोज फुलं मिळतात. पण तासगाव, पलूस, मिरज भागात द्राक्षबागेच्या बांधाला जास्वंद लावू नका. द्राक्षाच्या घडात घुसणारा गुलाबी पिठ्या ढेकूण जास्वंदीवर मजेत वाढतो. बागाईतदार शेजारी तुमच्या फुलांवर वैतागला तर त्याचं चूक नाही.

सोनेरी डुरांटा रस्त्याच्या दुभाजकांवर दिसतो, म्हणून लोक तोच मागतात. फूट-दोन फुटांची किनार म्हणून ठीक. मोकळा वाढू दिला तर पिवळी फळं धरतात आणि ती विषारी असतात, लहान मुलं असलेल्या घरी छाटणी चुकवू नका.

काही झाडं मी सरळ नको म्हणेन. कण्हेर आणि बिट्टी विषारी, गुरं आणि मुलं दोघांना धोका. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याचे हाल होतात. मोगली एरंडाच्या बिया मुलं शेंगदाणे समजून खातात. घाणेरी पाखरांच्या विष्ठेतून रानभर पसरते. आणि कोनोकार्पस: झपाट्याने वाढतो, वर्षभर हिरवा राहतो, म्हणून हल्ली खूप खपतो. त्याची मुळं पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाईनींत शिरतात, परागकणांबद्दलही तक्रारी आहेत. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपल्या दोन-तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर तो आणायचं काहीच कारण नाही.

उंच आडोशाला खोटा अशोक चालतो, चार फुटांवर एक. मात्र तो झुडूप नाही, झाड आहे. शहरी हद्दीत वाढलेलं झाड तोडायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. लावतानाच विचार करा.

काड्या की रोपं

कोयनेल, निरगुडी, अडुळसा, जास्वंद काडीपासून करा. पेन्सिलीएवढी जाड, आठ-नऊ इंचांची, पिकलेली काडी घ्या. खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, लगेच खाली तिरपा, वरचा सरळ. दोन तृतीयांश काडी मातीत. मेच्या शेवटी पिशव्यांत लावून सावलीत ठेवल्या तर जुलैपर्यंत लावायला तयार होतात.

विकत घेत असाल तर चार फुटी उंच रोपाच्या मोहात पडू नका. फूट-सव्वा फुटाचं, बुडापासून दोन-तीन फांद्या फुटलेलं रोप घ्या. पिशवीच्या तळाला मुळं गोल गुंडाळलेली असतील तर ते रोप परत ठेवा. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत काही रोपं अगदी कमी दरात मिळतात, पावसाळ्याआधी चौकशी करून ठेवा.

हिशेब सोपा आहे. चाळीस फूट लांबी, दीड फूट अंतर, म्हणजे अठ्ठावीस रोपं. मर धरून तीन-चार जास्त. मेंदी एक फुटावर, कोयनेल आणि अडुळसा दीड, कुंती दोन, जास्वंद आणि करवंद तीन फुटांवर. जागा तीन फूट रुंद मिळत असेल तर दोन ओळी नागमोडी लावा, एका ओळीतल्या फटीसमोर दुसऱ्या ओळीतलं रोप येईल अशा. आडोसा एक वर्ष लवकर मिळतो.

लावणी

साताऱ्यात आणि पश्चिमेकडे मृगाचा पाऊस पडून माती हातभर ओली झाली की लावा, आर्द्रा संपायच्या आत उरकलं तर उत्तम. पूर्वेकडे, माण-खटाव-जत-आटपाडीला, खरा पाऊस परतीचा. तिथे जूनच्या एका सरीवर रोपं लावली तर जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत करपतात. पाण्याची सोय नसेल तर तिथे उत्तरा-हस्ताच्या पावसावर लावा.

एकेक खड्डा न घेता दीड फूट रुंद, दीड फूट खोल सलग चर खणा. उन्हाळ्यात खणून उघडा ठेवला तर किडींच्या कोषांना ऊन लागतं. भरताना वरची माती, तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं कुजलेलं शेणखत आणि मूठ-मूठ निंबोळी पेंड. ओलं शेण नको, त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. रोप पिशवीत होतं तेवढंच खोल लावायचं, भोवतीची माती पायाने दाबायची, आणि पाऊस पडत असला तरी बुडाशी एक तांब्या पाणी घालायचं म्हणजे मातीतली पोकळी बसते.

दोरी बांधून सरळ रेषेत लावा. दोन इंचांचा वाकडेपणा आज दिसत नाही, कुंपण वाढलं की रोज दिसतो.

वर उसाचं पाचट चार इंच जाड. आपल्याकडे त्याला तोटा नाही. खोडापासून मात्र चार बोटं लांब ठेवा, नाहीतर वाळवी लागते.

पहिलं वर्ष

इथे लोकांचा हात थरथरतो. रोप जगलं, दीड फुटावर आलं, आणि आता ते कापायचं? हो, कापायचं. लावणीनंतर दीड-दोन महिन्यांनी नवी वाढ दिसली की वरचा तिसरा हिस्सा उडवा.

कोयनेलच्या फांदीकडे जवळून बघा. पानं समोरासमोर जोडीने असतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा झोपलेला असतो. शेंडा शाबूत असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना उठू देत नाही. जोडीच्या वर पाव इंचावर कात्री लावली की पावसाळी हवेत आठ-दहा दिवसांत दोन्ही बगलांतून कोंब निघतात. ते सहा इंचांचे झाले की पुन्हा निम्मे कापा, दोनाचे चार होतात. अशी तीन-चार वेळा कापणी झाली की बुडाशी फांद्यांचं जाळं तयार होतं, आणि तेच पुढची वीस वर्षं तुमचा आडोसा धरून ठेवतं.

पहिल्या वर्षाअखेर कुंपण दोन-अडीच फुटांवरच असलं तरी चालेल, खालून त्यातून पलीकडचं दिसता कामा नये. दुसऱ्या वर्षी साडेतीन-चार, तिसऱ्या वर्षी पाच फूट. दर वेळी नव्या वाढीतली निम्मी ठेवायची, निम्मी कापायची. पाहुणे म्हणतील, "अजून एवढंसंच?" म्हणू द्या.

मर झालेली रोपं त्याच पावसाळ्यात भरून काढा. पुढच्या वर्षी लावलेलं रोप शेजारच्या रोपांच्या सावलीत दबतं आणि ती फट कायम राहते.

छाटणीचा आकार आणि वेळ

आकार खाली रुंद, वर अरुंद. पाच फुटी कुंपण बुडाशी अडीच फूट असेल तर माथ्याला दीड फूट. माथा रुंद झाला की खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि ती झडतात. दोन्ही टोकांना काठ्या रोवून दोरी ताणा आणि आधी बाजू, मग माथा कापा. नुसत्या नजरेने कापलं की मधे हमखास खोलगट होतं.

कोयनेल पावसाळ्यात दर तीन-चार आठवड्यांनी, हिवाळ्यात एखाद्या वेळी. मेंदी आणि कुंती वर्षातून तीन-चार वेळा. जास्वंदीला मोठ्या कात्रीने चौकोनी करू नका. सिकेटरने, म्हणजे एका हातात धरायच्या छोट्या कात्रीने, एकेक फांदी कापा, फुलं नव्या वाढीवर येतात. उन्हाळ्याआधीची शेवटची मोठी छाटणी फेब्रुवारीच्या सुरुवातीला. एप्रिल-मेमध्ये खोल कापलं तर आतल्या कोवळ्या फांद्या उन्हाने भाजतात.

पावसाळ्यात आणि त्याआधी कात्री लावताना फांद्या हाताने बाजूला करून आत बघा. बुलबुलाचं वाटीसारखं घरटं नेमकं छातीच्या उंचीवर असतं. पिल्लं असली तर तेवढा दोन हात भाग पंधरा-वीस दिवस तसाच राहू द्या.

पाणी, खत, रोग

सोळा मिलिमीटरची ठिबकची नळी, फुटाफुटावर ड्रिपर, बस्स. उन्हाळ्यात रोज शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांनी भरपूर द्या, मुळं खोल जातात. तिसऱ्या वर्षापासून मेंदी, निरगुडी, करवंद यांना महिन्यातून दोनदा दिलं तरी निभतं. दर जूनला तीन-चार फुटांमागे एक घमेलं शेणखत. युरियाचा मारा करू नका, लुसलुशीत वाढ मावा ओढून आणते.

पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी मुंग्या बघा, त्याच त्याला फांदीफांदीवर नेतात. लागण झालेली टोकं कापून जाळा, मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. चुनखडीच्या जमिनीत नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. लिटरला ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम लिंबूसत्व, दोन-तीन फवारण्यांत फरक दिसतो. ताजं द्रावणच वापरा.

चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारासारख्या वाऱ्याच्या जागी घर असेल तर कुंपण भिंतीसारखं घट्ट करू नका. वाऱ्याला थोडी वाट ठेवणारं, निम्म्याहून जरा जास्त भरलेलं कुंपण वारा चांगला थोपवतं. घट्ट भिंतीवरून वारा उसळून पलीकडे भोवरे करतो.

जुनं, बूड रिकामं झालेलं कुंपण

घर विकत घेताना असं कुंपण बऱ्याचदा सोबत येतं. उपटू नका, कोयनेल, मेंदी, अडुळसा, जास्वंद, कुंती सगळी जुन्या लाकडातून फुटतात. पहिला पाऊस लागला की उंची निम्मी करा आणि फक्त एक बाजू खोडापर्यंत आत कापा. मोठे काप करवतीने, कात्रीने चिरडू नका. बुडाशी शेणखत आणि पाणी. दुसरी बाजू पुढच्या जूनमध्ये, म्हणजे मधल्या काळात आडोसा पूर्ण जात नाही. फुटवे बोटभर झाले की त्यांचेही शेंडे खुडा. जिथे खोडच वाळलंय तिथे शेजारची खालची लवचिक फांदी वाकवून मातीत दाबा, वर दगड ठेवा. पावसाळा संपेपर्यंत तिला मुळं सुटतात आणि फट आपसूक भरायला लागते.